कोकणातल्या बंद घरात रेडॉन गॅस साठतो का? टेस्ट करावी का?

तुमचा प्रश्न असा आहे की कणकवलीजवळ जुनं घर पाडून नवीन स्लॅबचं बांधलंय, वर्षातले दहा महिने बंद असतं, आता आई कायमची तिथे राहायला जाणारे आणि न्यू जर्सीतल्या भावाच्या घरात रेडॉन (जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी गॅस) जास्त निघाल्यामुळे तो मागे लागलाय की आधी टेस्ट करा मगच आईला पाठवा. मी कुडाळ साइडला घरांची बांधकामं घेतो, आणि एका अमेरिकेतल्या कस्टमरने प्लॅनमध्ये रेडॉनचा पाइप टाकायला सांगितला तेव्हापासून हा विषय वाचतोय, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, दहा महिने घर बंद होतं म्हणून दहा महिन्यांचा गॅस आत साठून बसलाय असं अजिबात होत नाही. रेडॉन स्वतःच संपत असतो, 3.8 दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे बंद घरात तो दोन-तीन आठवड्यांत एका लेव्हलला जाऊन थांबतो, पुढे वर्षभर कुलूप असलं तरी वाढत नाही. गणपतीला घर उघडलं की नाकात जो कुबट वास जातो तो बुरशीचा, वाळवीचा, फार तर वटवाघळांचा. रेडॉनला ना वास ना रंग. दारं-खिडक्या उघडून दोन-चार तास वारा खेळू दिला की आतला बराचसा रेडॉन बाहेर. म्हणजे भावाला ज्याची भीती वाटतेय ते बंद घर हा मुद्दाच नाहीये, मुद्दा आहे आई रोज रात्री ज्या खोलीत झोपणार ती खोली.

हा गॅस येतो जमिनीतून. माती-दगडात थोडं थोडं युरेनियम सगळीकडेच असतं, त्याचं रेडियम होतं आणि रेडियमपासून रेडॉन. तो फटींतून घरात येतो, हवेतच त्याचे पोलोनियमसारखे कण तयार होतात, ते श्वासाबरोबर फुफ्फुसात चिकटतात आणि तिथे अल्फा किरण सोडतात. 1988 पासून तो जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेच्या यादीत, कॅन्सर नक्की करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात आहे, त्यामुळे "अमेरिकन लोकांचे चोचले" म्हणून उडवून लावण्यातला प्रकार नाही. पण भावाचं घर आणि तुमचं घर यात फरक खूप आहे. तिकडे तळघर असतं म्हणजे अर्धं घर जमिनीतच, थंडीत सगळं घट्ट बंद करून हीटर लावतात, गरम हवा वरून बाहेर पडते आणि तेवढीच हवा खालून मातीतून आत ओढली जाते. आपल्याकडे हीटरही नाही आणि तळघरही नाही. शिवाय कणकवलीच्या उत्तरेकडचा बहुतेक भाग बेसाल्ट (काळा दगड) आणि त्यावर जांभा, कणकवलीच्या आसपास मात्र जुने खडकही लागतात, आणि बेसाल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी असतं. खाली सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे जुने ग्रॅनाइट-नाइस जातीचे खडक लागतात, तिकडचं घर असतं तर मी टेस्ट करा असं जरा जोर देऊन म्हटलं असतं. अर्थात खडकावरून फक्त अंदाज बांधता येतो, शेजारशेजारच्या दोन घरांचं रीडिंगसुद्धा वेगळं येऊ शकतं.

आता तुमच्या नवीन घराबद्दल. जुन्या कौलारू घरात सारवलेल्या जमिनीतून गॅस येत असेल तसाच कौलांच्या फटींतून निघूनही जायचा. तुम्ही वर स्लॅब घातलाय, स्लायडिंग खिडक्या लावल्यात आणि आईच्या खोलीला एसी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच तीच हवा फिरवतो हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. त्यात पावसाळ्यात खिडक्या बंद, बाहेरची माती भिजून गच्च आणि घराखालची तेवढी कोरडी, मग गॅसला वर यायला घराखालचाच रस्ता मोकळा. तळमजल्यावरची बंद एसी बेडरूम ही एकच जागा मी तुमच्या घरात तपासेन, बाकी ओटी-पडवी सोडून द्या.

टेस्टचं म्हणाल तर भाऊ कोळशाचा डबा (रेडॉन शोषून घेणारा टेस्टचा डबा) पाठवतो म्हणाला तर नको म्हणा, तो दोन-चार दिवस ठेवून लगेच लॅबला पोचवावा लागतो, इथून पाठवेपर्यंत त्यात काही राहत नाही. फिल्मवाला अल्फा ट्रॅक डिटेक्टर (अल्फा किरणांच्या खुणा त्यातल्या फिल्मवर उमटतात) मागवा, तो तीन महिने ते वर्षभर ठेवायचा असतो. किंवा भाऊ येताना डिजिटल मॉनिटर घेऊन आला तर सगळ्यात सोपं, फक्त एका दिवसाच्या आकड्यावर घाबरायचं नाही कारण तो रोज वरखाली होतो, महिन्या-दोन महिन्यांची सरासरी बघायची आणि त्यात पावसाळा आला पाहिजे. पलंगाच्या उंचीवर ठेवा, खिडकी आणि पंख्यापासून लांब.

आकडा आला की काय करायचं? जागतिक आरोग्य संघटना म्हणते 100 बेकेरेलच्या (किरणोत्सर्ग मोजायचं युनिट, एका घनमीटर हवेत) आत असावं, नाहीच जमलं तर 300 च्या वर जाऊ देऊ नये. अमेरिकेत 4 पिकोक्युरीला (तिकडचं युनिट, एका लिटर हवेत) दुरुस्ती करा म्हणतात, ते 148 बेकेरेल होतात, त्यामुळे भावाशी बोलताना युनिटचा घोळ घालू नका. त्या 4 च्या लेव्हलला जन्मभर राहिलेल्या 1000 सिगरेट ओढणाऱ्यांपैकी साधारण 62 जणांना आणि कधीच न ओढणाऱ्या 1000 जणांपैकी 7 जणांना फुफ्फुसाचा कॅन्सर होतो असा तिथल्या पर्यावरण खात्याचा हिशोब आहे. घरात कोणी विडी-सिगरेट ओढत असेल तर आधी ती बंद करा, डिटेक्टर नंतर. आणि हौसेने मागच्या पडवीत चूल मांडणार असाल तर धूर तरी बाहेर जाईल असं बघा.

थोडं जास्त आलं तर झोपताना खिडकी बोटभर उघडी ठेवा, लादी आणि भिंतीच्या सांध्यातल्या, पाइपांच्या बाजूच्या फटी भरून घ्या. पण नुसतं फटी भरून काम भागत नाही आणि बंद खोलीत एक्झॉस्ट फॅन तर लावूच नका, बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर तो फॅन उलट जमिनीतूनच गॅस ओढणार. वरच्या मजल्यावर रेडॉन बराच कमी असतो पण आईंचे गुडघे काय म्हणतात ते तुम्हाला माहीत.

खूपच जास्त आलं तर पाइप. माझ्या त्या कस्टमरकडे जोत्यात भरणी झाल्यावर खडीचा थर दिला, त्यात चार इंची पीव्हीसी भोकं पाडून आडवा टाकला, वर जाड प्लास्टिक आणि मग पीसीसी (साधं काँक्रीट), आणि पाइपचं दुसरं टोक भिंतीतून थेट छपराच्या वर, म्हणजे खालचा गॅस घरात न येता वर निघून जातो. आमचा गवंडी बघतच राहिला, "हय न्हाणी नाय, संडास नाय, मगे ह्यो पायप कसलो?" बांधतानाच केलं तर खर्च किरकोळ, गरज पडली तर वर एक छोटा फॅन बसवायचा जो चोवीस तास चालतो. तुमचं घर तयार आहे म्हणून कोबा फोडून एका कोपऱ्यात खाली खड्डा करावा लागेल, होतं तेही, पण 300 च्या वर रीडिंग आल्याशिवाय लादी फोडायला कोणाला बोलावू नका.

पाणी बोअरचं आहे की विहिरीचं ते तुम्ही लिहिलं नाहीये. उघड्या विहिरीचं असेल तर सोडून द्या, बोअरच्या पाण्यात रेडॉन जास्त असू शकतो पण ते टाकीत पडून, हलून त्यातला बराच उडून जातो.

आणि आईंना जायला थांबवू नका हो, टेस्ट त्या तिथे राहत असतानाच करायची असते. फक्त तो डिटेक्टर कशाचा आहे ते त्यांना नीट सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी झाडलोट करताना उचलून माळ्यावर टाकतील आणि तीन महिन्यांनी माळ्याचं रीडिंग हातात येईल.