ज्वलनकक्षातले भोवरे आणि सरासरीची मर्यादा

प्रश्न : रॉकेट इंजिनातील ज्वलनाचे सिम्युलेशन करताना ‘टर्ब्युलन्स मॉडेल’ निवडावेच लागते, असे आम्हाला शिकवतात. प्रवाहाची समीकरणे ठाऊक आहेत आणि महासंगणकही उपलब्ध आहेत, तर ती थेट का सोडवत नाहीत? आणि मॉडेल बदलले की उत्तर का बदलते? — अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : समीकरणे ठाऊक आहेत हे खरे, अडचण आहे ती खळबळत्या (टर्ब्युलंट) प्रवाहातील भोवऱ्यांच्या आकारांची. मोठा भोवरा फुटून लहान होतो, लहानाचे आणखी लहान होतात आणि ही साखळी चिकटपणामुळे भोवरे विरून जाईपर्यंत चालते. रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांच्या १९४१ च्या सिद्धान्तानुसार, सर्व आकार टिपायचे तर गणनेच्या जाळीतील (ज्या बिंदूंवर समीकरणे सोडवतात त्यांच्या मांडणीतील) बिंदूंची संख्या रेनॉल्ड्स अंकाच्या, म्हणजे प्रवाहाचा जोर चिकटपणाच्या किती पट आहे ते सांगणाऱ्या अंकाच्या, सव्वादोनाव्या घाताने वाढते. हा अंक दहा लाख धरला, तरी सुमारे तीस लाख कोटी बिंदू लागतात. त्यात रासायनिक अभिक्रियांचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

म्हणून रोजच्या कामात कालसरासरी घेतलेली समीकरणे, म्हणजे ‘रॅन्स’, वापरतात आणि सरासरीत गळालेल्या भोवऱ्यांचा परिणाम ‘के-एप्सिलॉन’सारख्या मॉडेलने भरून काढतात. ही भरपाई गृहीतकांवर उभी असल्याने मॉडेलगणिक उत्तर बदलते. नुसत्या प्रवाहात हे बरेचसे निभावते, ज्वलनात मात्र सरासरी चांगलीच फसवते. एखाद्या ठिकाणी वायू निम्मा वेळ १,००० आणि निम्मा वेळ ३,००० केल्विनवर असेल, तर सरासरी २,००० येते. पण अभिक्रियेचे सक्रियण तापमान (तिचा वेग तापमानावर किती तीव्रतेने अवलंबून आहे, याचे माप) २०,००० केल्विन धरून गणित केले, तर अभिक्रियेचा खरा सरासरी वेग २,००० केल्विनवरील वेगाच्या सुमारे चौदा पट निघतो. ज्वलनाचे वेगळे मॉडेल जोडावे लागते ते यासाठी.

भिंतीला सरासरी किती उष्णता पोचते, एवढाच प्रश्न असेल, तर प्रयोगाशी पडताळलेले ‘रॅन्स’ पुरते, असे माझे मत आहे. कक्षातील दाबाची आंदोलने, म्हणजे वेगाने होणारे चढउतार, पाहायची असतील, तर साध्या ‘रॅन्स’वर विसंबणे व्यर्थ, कारण जे शोधायचे तेच सरासरीत पुसले जाते. ही आंदोलने किती महागात पडतात, हे चांद्रमोहिमांच्या सॅटर्न-५ रॉकेटच्या एफ-१ इंजिनाने दाखवले. १९६२ मध्ये चाचणीत या आंदोलनांनी इंजिनच उद्ध्वस्त केले. तेव्हा असे सिम्युलेशन शक्य नसल्याने अभियंते चालू इंजिनाच्या कक्षात छोटा स्फोट घडवून आंदोलने शमतात का ते पाहत, आणि इंजेक्टरवर (कक्षात इंधन फवारणाऱ्या भागावर) बसवायच्या आडपट्ट्यांची, म्हणजे बॅफल्सची, रचना बदलत; पूर्ण आकाराच्या सुमारे दोन हजार चाचण्या झाल्या.

आज हे काम ‘लार्ज एडी सिम्युलेशन’ करू पाहते: मोठे भोवरे थेट सोडवायचे, जाळीत न मावणारे मॉडेलवर सोपवायचे. जर्मनीतील लाम्पोल्ड्सहाउझेन येथील ८० मिलिमीटर व्यासाच्या, ४२ इंजेक्टरांच्या प्रायोगिक कक्षावर फ्रेंच संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशा गणनेत कक्ष आपणहून स्थिर राहिला, पण दाबाचा पुरेसा मोठा धक्का देताच आंदोलने सुरू होऊन टिकली. एफ-१ च्या स्फोटाचेच हे संगणकीय रूप म्हणायचे. तरीही ज्योतीचा थर जाळीच्या घरापेक्षा पातळ असतो, त्यामुळे ज्वलनाचे मॉडेल इथेही टाळता येत नाही. आपल्या प्रकल्पात आधी ‘रॅन्स’ चालवा, जाळी दुप्पट बारीक करून उत्तर हलते का पाहा, आणि मगच मॉडेलांची तुलना करा. नाहीतर जाळीचा दोष मॉडेलच्या माथी बसेल.