उद्धरण, दाखला आणि उद्धार

प्रश्न : कायद्याच्या लेखाविषयी ‘या लेखाला 40 उद्धरणे मिळाली’ असे लिहिलेले वाचले. साइटेशनला (आपल्या लेखात दुसऱ्या लेखाचा किंवा निवाड्याचा निर्देश करण्याला) उद्धरण म्हणावे की संदर्भ?

दोन्ही नको. (आणि ‘उद्धृत’चे चुकीचे रूप ‘उधृत’ तर नकोच नको, रोज कुठे ना कुठे दिसते आणि डोळ्यांत खुपते.) उद्धरण म्हणजे दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे उचलणे. साइटेशनला एकही शब्द उचलावा लागत नाही. तळटीपेत ‘एआयआर 1973 एससी 1461’ एवढे टाकले की सर्वोच्च न्यायालयाचा केशवानंद भारती निवाडा हजर! हे एआयआर म्हणजे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’, निवाडे छापणारे नियतकालिक; ते आपल्या नागपूरचे, हे जाता जाता.

सरळ ‘दाखला’ म्हणा. अरबी मूळ, अर्थ आत शिरणे. दखल, दाखल, दाखला ही सख्खी भावंडे. परका शब्द म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी शाळा सोडल्याचा दाखला आधी परत करावा.

पण खरी गंमत उद्धरणातच आहे. काही पंडित त्यात ‘धृ’ (धरणे) धातू बघतात. मला ते पटत नाही. उद् + हृ, म्हणजे वर काढणे. तत् + हित याचे तद्धित होते तसाच इथे ‘ह’चा ‘ध’ झाला. उद्धारही त्यातलाच. आणि मराठीत उद्धार दोन तऱ्हांनी होतो: अहल्येचा झाला तसा, किंवा भांडणात सात पिढ्यांचा होतो तसा!

वकिलांना हे दोन्ही उद्धार वेगळे ठेवावेच लागतात. रद्द ठरलेला निवाडा कोर्टात पुढे केला तर फजिती. म्हणून शिकागोच्या फ्रँक शेपर्डने 1873 पासून, कोणत्या निवाड्याचा पुढे कुठे दाखला आला याची सूची विकायला सुरुवात केली. नोंदीला अक्षर जोडलेले असे: अनुसरला, वेगळा ठरवला, टीका केली, रद्द केला. अमेरिकी माहितीशास्त्रज्ञ यूजीन गारफिल्डने 1955 मध्ये विज्ञानासाठी अशी सूची सुचवली ती शेपर्डचा कित्ता समोर ठेवूनच. पुढे विज्ञानाच्या सूचीत ती अक्षरे आलीच नाहीत, राहिली नुसती मोजणी. आता कायद्याचे लेखही त्याच मोजणीत तोलले जातात, आणि ज्याची चाळीस जणांनी सालटी काढली तोही ‘40 उद्धरणे’ म्हणून मिरवतो. माझ्या मते हा ‘उद्धरण’ शब्दाने उगवलेला सूड आहे. भाषाशास्त्रज्ञ हसतील, हसोत.

हां, तुमचे वाक्य राहिलेच. ‘40 लेखांत याचा दाखला आला आहे’ असे लिहा.