मराठी कादंबरीसाठी लिटररी एजंट नेमावा का?

तुमचा प्रश्न असा: कोल्हापुरात राहता, मराठी कादंबरी लिहून झाली आहे, एजंट म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी व्यवहार ठरवणारा मध्यस्थ कमाईतले 15 टक्के घेणार असेल तर त्याला नेमायचं कशाला?

आधी हिशोब बघा. किंमत 300 रुपये, आवृत्ती 1000 प्रतींची, रॉयल्टी 10 टक्के. शेवटची प्रत खपली तरी तुमचे 30,000 रुपये होतात. त्यातले 15 टक्के म्हणजे 4,500. एवढ्यावर एजंटाचं घर कसं चालणार? मराठीत हा व्यवसाय फारसा रुजला नाही तो यामुळेच. पहिल्या मराठी आवृत्तीसाठी तुम्हाला त्याची गरजही नाही. राजारामपुरीतून उठून पुण्याच्या प्रकाशकाकडे स्वतः बाड दिलंत तरी चालतं.

गरज पडते ती पुस्तक मराठीबाहेर निघतं तेव्हा. कुठल्या इंग्रजी संपादकाला कसलं पुस्तक हवंय हे एजंटाला माहीत असतं. आगाऊ रक्कम तो घासाघीस करून वाढवतो. परदेशातल्या व्यवहारात तिथला आणखी एक एजंट वाटेकरी असतो, म्हणून कमिशन साधारण 20 टक्क्यांवर जातं. आपल्या एजंटाकडे जाताना एक पानी पत्र, एक-दोन पानांत शेवटासकट कथासार आणि वीस-तीस पानांचा चांगला इंग्रजी अनुवाद लागतो. नुसतं मराठी बाड पाठवलं तर बहुतेक ठिकाणी ते वाचणारंच कोणी नसतं.

पण खरं नुकसान त्याच्या कितीतरी आधी होतं, मराठी प्रकाशकाच्या करारावर सही करताना. त्यात ‘सर्व हक्क’ असे दोन शब्द असतात आणि लेखक पुस्तक निघण्याच्या आनंदात ते वाचत नाही. मग अनुवाद, ऑडिओ, चित्रपट, वेबसिरीज सगळंच हातचं जातं. एजंटाला विकायला उरतं काय? मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावात राहून ‘माझ्या कथेवर सिनेमा कोण काढणार’ असं म्हणू नका. छापील मराठी पुस्तकाचाच हक्क द्या, बाकीचे स्वतःकडे राखल्याचं लिहून घ्या. मुदतही घाला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मात्र करारात ‘कायमस्वरूपी’ असं छापलेलं असेल तर या तरतुदीचा आधार उरत नाही. प्रती संपून सहा महिन्यांत नवी आवृत्ती काढली नाही तर हक्क परत, हेही कलम मागाच.

एजंट भेटलाच तर एक कसोटी लावा: बाड वाचायचे किंवा ‘नोंदणी’चे पैसे मागणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा. खरा एजंट पुस्तक विकलं गेल्यावरच कमावतो. त्याच्याशीही करार लेखी हवा. प्रकाशकाचे पैसे सहसा त्याच्या खात्यात येतात, तेव्हा ते किती दिवसांत तुम्हाला मिळणार आणि प्रकाशकाचं मूळ हिशोबपत्रक तुम्हाला दाखवणार का, हे त्यात असू द्या. करार मोडला तरी त्याने जुळवलेल्या व्यवहारांवरचं कमिशन त्याला पुढेही मिळत राहतं, हे धरूनच सही करा.