जिनिव्हा, पोर्तुगीज पासपोर्ट आणि रेडक्रॉसची नोकरी

वडिलांचा जन्म १९५८ साली, पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात, डिचोलीत झालेला असल्यामुळे पोर्तुगीज नागरिकत्व घ्यायचे, त्याच्या आधारे जिनिव्हात स्थायिक व्हायचे आणि परिचारिका म्हणून तिथल्या रेडक्रॉसमध्ये लागायचे, असा आपला बेत आपण कळवला आहे आणि सुरुवात कोठून करावी असे विचारले आहे. मी मूळचा फोंड्याचा. गेली अकरा वर्षे जिनिव्हात आहे आणि त्यातली बरीचशी मदतकार्याच्या क्षेत्रात गेली. आपल्या बेतात जिनिव्हात राहणे आणि रेडक्रॉसचे काम करणे या दोन निराळ्या गोष्टी एक झाल्या आहेत, असे मला वाटते.

पासपोर्टाचे थोडक्यात सांगतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले, तरी २००२ पासून लागू असलेल्या मुक्त संचाराच्या करारामुळे पोर्तुगीज नागरिकाला तिथे राहून नोकरी शोधता येते. त्याच वेळी भारतीय नागरिकत्व मात्र जाते, हे घरात सर्वांशी बोलून ठरवा. वडिलांच्या पोर्तुगीज काळातील जन्मनोंदीतले नाव आणि नंतरच्या कागदपत्रांतले नाव जुळते का, तेही आधी पाहा; आडनावातल्या एका अक्षराकडे एजंटाने दुर्लक्ष केल्यामुळे माझी दोन वर्षे वाया गेली.

आता मुख्य विषय. रेडक्रॉस ही एकच संस्था नाही. १८६३ साली जिनिव्हात स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय समिती युद्धक्षेत्रात काम करते. १९१९ साली निघालेला महासंघ राष्ट्रीय संस्थांना एकत्र बांधतो आणि नैसर्गिक आपत्तींत उतरतो. शिवाय जवळजवळ प्रत्येक देशाची स्वतःची रेडक्रॉस किंवा रेड क्रिसेंट असते. आपला पहिला संबंध येईल तो स्विस रेडक्रॉसशी, पण नोकरीसाठी नव्हे: परदेशात घेतलेल्या परिचर्येच्या पदवीला स्वित्झर्लंडमध्ये मान्यता देण्याचे काम तिच्याकडे आहे. त्यासाठी फ्रेंच चांगली यावी लागते आणि कधी कधी पूरक प्रशिक्षणही घ्यावे लागते. ही मान्यता मिळाली की जिनिव्हातल्या इस्पितळाचे दार उघडते, समितीचे नाही.

समितीत परिचारिका लागतात, पण जिनिव्हात नव्हे. तिथे कचेरी आहे. काम दक्षिण सुदानात, येमेनमध्ये, अफगाणिस्तानात आहे, आणि तिथेही बहुतेक कर्मचारी स्थानिक असतात. बाहेरून जाणाऱ्याला वर्षभर कुटुंबाविना राहावे लागेल अशी नेमणूक सहज मिळू शकते. चवथीला घरी येण्याचा हिशेब त्यात बसत नाही. निधीही आटला आहे. २०२३ साली समितीने सुमारे १,८०० पदे कमी करण्याचे जाहीर केले होते.

याहून महत्त्वाची आहे ती संस्थेची प्रकृती, आणि ती इतिहासाशिवाय समजत नाही. जून १८५९ मध्ये इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी सैनिक उपचारांविना पडलेले हेन्री ड्युनां या जिनिव्हाच्या व्यापाऱ्याने पाहिले आणि त्यातून ही समिती व युद्धातल्या जखमींच्या संरक्षणाचा १८६४ चा पहिला जिनिव्हा करार उभा राहिला. (हेच ड्युनां पुढे दिवाळखोर होऊन जिनिव्हाबाहेर पडले आणि १९०१ साली शांततेच्या पहिल्या नोबेलचे मानकरी ठरले.) शत्रूच्या गोटातही प्रवेश मिळावा म्हणून समिती तटस्थ राहते. तिचे प्रतिनिधी तुरुंगात कैद्याला साक्षीदारांशिवाय भेटतात, नाव नोंदवतात, पुन्हा येतात, आणि जे दिसले ते फक्त त्या सरकारलाच सांगतात. आमच्या फोंड्यात १९६१ च्या डिसेंबरनंतर, म्हणजे गोवा भारताकडे आल्यावर, युद्धकैदी झालेल्या पोर्तुगीज सैनिकांची छावणी होती. मे १९६२ मध्ये ते मायदेशी परतले. युद्धकैद्याला घरी पत्र पाठवता येते, हा हक्क त्याला १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारातून मिळतो, हे मला जिनिव्हात आल्यावर कळले.

पण या मौनाची किंमतही मोठी आहे. ऑक्टोबर १९४२ मध्ये नाझींच्या अत्याचारांविरुद्ध जाहीर आवाहन करू नये असे समितीने ठरवले. पुढे हे आपले अपयश असल्याचे तिने स्वतःच मान्य केले. नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या बिआफ्राच्या युद्धात फ्रेंच रेडक्रॉसतर्फे गेलेल्या काही डॉक्टरांना गप्प राहणे पटले नाही आणि १९७१ साली पॅरिसमध्ये 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था निघाली, जी उपचार करते आणि पाहिलेले बोलूनही दाखवते. मला स्वतःला समितीची बाजू अधिक पटते, कारण तुरुंगाचे दार एकदा बंद झाले की आतल्या माणसाला आपल्या निषेधाचा काही उपयोग नसतो. आपले मत वेगळे असू शकते, आणि कोणाकडे अर्ज करायचा ते त्यावरच ठरवावे.

तेव्हा बांबोळीच्या इस्पितळातली नोकरी एवढ्यात सोडू नका. शल्यगृह किंवा प्रसूतिविभागाचा अनुभव वाढवा आणि पणजीत फ्रेंचचे वर्ग सुरू करा, कारण फ्रेंच दोन्ही वाटांवर उपयोगी पडते. समितीतर्फे युद्धक्षेत्रात जाण्याचीच ओढ असेल, तर त्या अर्जाला पोर्तुगीज पासपोर्ट लागत नाही. तो डिचोलीत बसून, भारतीय पासपोर्टावरही करता येतो.