‘सी कयाक’ म्हणून विकलेली कयाक खाडीपुरतीच निघाली, तर?

प्रश्न : मी मालवणचा. घरातच दोन खोल्यांचा होमस्टे चालवतो. ऑनलाइन दुकानातून ‘सी कयाक, समुद्रासाठी’ असे वर्णन वाचून दोन कयाक (वल्ह्याने चालवायच्या छोट्या होड्या) घेतल्या, प्रत्येकी ४६,००० रुपयांना. एक स्वतःसाठी, दुसरी पाहुण्यांना भाड्याने द्यायला. लांबी १० फूट, रुंदी ३० इंच. पहिल्याच आठवड्यात लाट आत शिरली आणि एक कयाक उलटली. पाणी उपसता येईना, शेवटी मच्छीमारांनी ओढून आणली. विक्रेता म्हणतो, ‘होडीत दोष नाही, वापरलेला माल परत घेत नाही.’ पैसे परत मिळतील का?

उत्तर : स्वतःसाठी घेतलेल्या कयाकचे पैसे मिळण्याची शक्यता चांगली आहे. मात्र तक्रारीत नुसते ‘उत्पादनात दोष आहे’ असे लिहू नका. तसे लिहिलेत की विक्रेता तज्ज्ञ उभा करील आणि तो खरेच सांगेल की प्लास्टिकला तडा नाही, सांधा सुटलेला नाही. तुमचे म्हणणे वेगळे आहे. होडी धड आहे, पण जी सांगितली ती ही नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(१०) मधल्या ‘दोष’ या शब्दात विक्रेत्याने दावा केलेल्या दर्जातली उणीवही येते. त्यावरच बोट ठेवा.

आता ही उणीव दाखवायची कशी? त्याला प्रयोगशाळा लागत नाही, मोजपट्टी आणि कॅमेरा पुरतो. सी कयाक साधारण १४ ते १८ फूट लांब आणि २० ते २४ इंच रुंद असते. तुमची आखूड, रुंद, सपाट तळाची आहे. ही मनोरंजनासाठीच्या कयाकची ठेवण. सपाट तळ शांत पाण्यात स्थिर वाटतो, पण आडव्या लाटेवर तो लाटेच्या उतारासारखाच कलतो.

मुख्य पुरावा मात्र कयाकच्या आत आहे. सी कयाकमध्ये बसायच्या जागेच्या, म्हणजे कॉकपिटच्या, पुढे आणि मागे पाणी अडवणाऱ्या आडव्या भिंती असतात, त्यांना बल्कहेड म्हणतात. कॉकपिट भरले तरी दोन्ही टोके कोरडी राहतात, म्हणून ती तरंगते आणि पाण्यातच उपसता येते. बल्कहेड नसतील तर पाणी टोकापासून टोकापर्यंत पसरते. १ लिटर म्हणजे १ किलो, तेव्हा दीडशे लिटर शिरले की दीडशे किलो वजन इकडून तिकडे हिंदकळते. तुम्हाला उपसता आले नाही ते बहुधा यामुळेच. टॉर्च लावून दोन्ही टोकांचे आतून फोटो घ्या. कॉकपिटचे तोंड मोजा. फार मोठ्या तोंडावर लाट अडवणारा स्प्रे स्कर्ट नीट ताणून बसत नाही. डेकच्या (होडीच्या वरच्या पृष्ठभागाच्या) कडेने धरायला दोरी आहे का, स्केग (होडी सरळ ठेवणारे तळाखालचे पाते) किंवा सुकाणू आहे का, हेही टिपा.

सोबतचे माहितीपत्रक शोधा. त्यात ‘फक्त शांत पाण्यासाठी’ असे छापलेले असेल तर घाबरू नका. विक्रेता ते तुमच्याविरुद्ध दाखवील, पण जाहिरातीत समुद्र आणि खोक्यात शांत पाणी, ही विसंगती तुमच्याच बाजूने बोलते. विक्रीचे पान बदलण्याआधी पत्ता आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. त्यांना भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालील इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडा. आणि स्वतः फोम किंवा भिंती बसवू नका, पुरावा बिघडेल.

‘वापरलेला माल परत नाही’ हा बचाव लंगडा आहे. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घेणे वा पैसे देणे नाकारता येत नाही.

दुसऱ्या कयाकचा पेच खरा आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूसाठी कायदा तुम्हाला ‘ग्राहक’ मानत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका चालवण्यासाठी घेतली असेल तरच सूट आहे. होमस्टे तुम्ही स्वतः राबवता आणि घर त्यावरच चालते, हे दाखवता आले तर मांडा. पण दोन्ही कयाकची मागणी वेगवेगळी लिहा, म्हणजे दुसरी फेटाळली गेली तरी पहिली बुडणार नाही. दुसरीसाठी वस्तू विक्री अधिनियम १९३० ची कलमे १५ आणि १६ घेऊन दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो.

आधी विक्रेत्याला आणि विक्री झालेल्या संकेतस्थळाला १५ दिवसांची लेखी नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने द्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. उत्तर आले नाही तर सिंधुदुर्गच्या जिल्हा ग्राहक आयोगात ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ खाली तक्रार करा. बिलावर ‘वाद बेंगळुरूच्या हद्दीत’ असे छापलेले असले तरी त्याच कायद्याचे कलम ३४ तुम्हाला राहत्या जिल्ह्यात दाद मागू देते. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, पण थांबू नका.

एक गोष्ट आजच करा : दोन्ही कयाक पाण्याबाहेर ठेवा आणि पाहुण्यांना मुळीच देऊ नका. वापर चालू ठेवलात तर माल स्वीकारल्याचा युक्तिवाद होईल. त्याहून गंभीर म्हणजे, धोका कळल्यावरही भाड्याने दिलीत आणि कुणाला इजा झाली, तर निष्काळजीपणाचा गुन्हा तुमच्यावरच दाखल होऊ शकतो.