कौलं फुटलीत, वरनं सिमेंट मारू का?

प्रश्न : पाटण तालुक्यात कोयनेकडं आमचं आजेसासऱ्यांच्या वेळचं घर आहे, मंगलोरी कौलांचं. यंदा वानरांनी पार धुडगूस घातला, दहा-बारा कौलं गेली आणि परवाच्या वळवात माजघरात पातेली मांडायची वेळ आली. गवंडी म्हणतो वरनं सिमेंट मारून देतो, दीर म्हणतात पत्रा टाका. काय करू?

उत्तर : ताई, सिमेंट तेवढं मारू देऊ नका. कौल उन्हात तापतं, सर आली की एकदम गार होतं, त्यात सिमेंटची भेग पुन्हा उघडतेच, आणि वाईट म्हणजे शेजारची कौलं एकमेकांना चिकटून बसतात, मग पुढं एक काढायला गेलं की तीन फुटतात. सिमेंट आढ्यावरच्या कोन्यांना, म्हणजे छपराच्या शेंड्यावरच्या कौलांना चालतं, तिथंच राहू द्या. पत्र्याचं म्हणाल तर दिरांना मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याखाली जेवायला बसवा, मग बोलू.

आधी गळती कुठनं ते शोधा. पाणी जिथं टपकतं तिथलंच कौल फुटलेलं असतं असं नाही, ते वर कुठंतरी शिरतं आणि रिपेवरनं, म्हणजे कौलं ज्या आडव्या लाकडी पट्टीला अडकतात तिच्यावरनं, आणि वाशावरनं ओघळत खाली येतं. भर दुपारी दारं-खिडक्या लावून अंधार करा आणि वर बघा, उजेडाची तिरीप येईल तिथं खालनं रिपेला खडूची खूण करा. वानरांनी नुसती सरकवलेली कौलं पण असतात बरं का, ती नीट बसवली की झालं, पैसे कशाला घालायचे. बाकीच्यांवर बोटानं टिचकी मारायची, खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर आत तडा आहे.

फुटकं कौल बदलायचंच, आणि ते सोपं आहे. त्याच्या वरचं आणि खाचेत बसलेलं शेजारचं कौल जरा उचलून धरायचं, फुटकं काढायचं, नवं सरकवून त्याची नाकं रिपेला अडकवायची. रीप कुजली असेल तर ती आधी बदला. नवं आणताना जुनं नमुन्याला न्याच. मंगळूरला बासेल मिशनच्या जर्मन लोकांनी १८६५ साली कारखाना काढला, मग बघून बघून कितीतरी निघाले, पण प्रत्येकाच्या खाचा जराशा वेगळ्या, एकाचं दुसऱ्यात बसत नाही. कौल उलटं करून पोटाचा शिक्का बघा. जुनी घरं पाडतात त्यांच्याकडं विचारलं की जोडीचं मिळून जातं.

माणूस वर चढवाल तर कोरड्या दिवशीच, आणि कौलावर थेट पाय नको, वाशांवर भार येईल अशी शिडी आडवी टाकून तिच्यावरनं काम. हे सगळं मृगाच्या आत उरका, तुमच्याकडचा पाऊस एकदा लागला की वर जायची सोय नाही. आणि पंधरा-वीस कौलं जादा आणून पडवीत उभी लावून ठेवा, वानरं काय पुढच्या वर्षी येणार नाहीत असं थोडंच आहे.