जुने मोबाइल घेणाऱ्या ऑनलाइन कंपनीची जळगावची नोकरी धरावी का?

तुम्ही विचारलंय की जुने मोबाइल विकत घेणाऱ्या ऑनलाइन कंपनीकडून जळगावला घरोघरी जाऊन फोन तपासायची नोकरी मिळतेय, तर तिथलं वातावरण कसं असतं. मी अशाच एका कंपनीत दीड वर्ष काढलं. भुसावळपासून पारोळ्यापर्यंत गाडी फिरवली.

गिऱ्हाईक ॲपवर माहिती भरतं, ॲप भाव दाखवतं. मग आपण घरी जायचं, आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) जुळवायचा, स्क्रीन, कॅमेरा, माइक तपासायचा, गूगल खातं काढून फोन रिसेट करायचा आणि पैसे पाठवायचे. तोच फोन पुढे गोदामात पुन्हा तपासला जातो. खरी मेख तिथेच आहे. दारात मी ‘बारीक ओरखडा’ लिहिला आणि गोदामाने ‘खोल’ ठरवला, तर भावातला फरक कोणी सोसायचा? आमच्याकडे तो माझ्या पगारातून जायचा. फोटो मागितला तर मिळायचा नाही.

मग काय होतं? पोरं दारातच भाव पाडायला लागतात. नसलेला दोषही लिहितात, म्हणजे आपला पगार वाचतो. मीही तेच केलं. रावेरकडे एका म्हाताऱ्या बाबांना ॲपने 6,200 दाखवले होते, मी 4,800 हातावर ठेवले. ते काही बोलले नाहीत, उलट चहा पाजला. ते मला अजून टोचतं.

उन्हाळ्याचंही सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. गाडीवरून उतरून उन्हात तपासणी सुरू केली की फोन तापतो, फ्लॅश बंद पडतो, स्क्रीन मंद होते, आणि ॲप तो फोनचाच दोष धरतं. ओसरीत दहा मिनिटं थांबून तपासा. वरचे लोक उशीर का झाला म्हणून फोन करतील, करू द्या. रात्री दहाला ग्रुपवर कोणी किती सौदे केले त्याची यादी पडायची, खाली राहिलेल्यांना सगळ्यांसमोर सुनावलं जायचं. तरी आमचा टीम लीडर भला माणूस होता. अमळनेरकडे गेलो की अहिराणीतच बोल, लोक मोकळे होतात, हे त्यानेच शिकवलं. पण कपात थांबवणं त्याच्याही हातात नव्हतं.

हे मला फार उशिरा कळलं: नुकसानीपोटी पगार कापायचा तर आधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही. हे 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात होतं, 2019 च्या वेतन संहितेतही आहे.

म्हणून होकार देण्याआधी एवढं लेखी मागा: गोदामाने दर्जा बदलला तर फोटो मिळेल का, हरकत किती दिवसांत घ्यायची, पेट्रोलचे पैसे किलोमीटरने की ठोक, आणि पगार कंपनी देणार की मधली एजन्सी. एजन्सी असेल तर दोन महिन्यांनी उमंग या सरकारी ॲपवर पीएफचं पासबुक उघडून बघा. आमच्यातल्या दोघांच्या पगारातून रक्कम कापली जायची, खात्यात मात्र जमा नव्हती.

शक्य असेल तर आता तिथे काम करणाऱ्या एखाद्या पोराला गाठा आणि त्याची मागच्या महिन्याची पगाराची स्लिप बघा. ‘इतर कपात’ या ओळीत आकडा असेल, तर तो कशाचा ते विचारा.